ते औषध मी पिलो नव्हतो

आयसीयूमधला पाचवा दिवस. माझ्या तोंडात नळी होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला श्वास देणारं मशीन. डोळे उघडत होते, पण मान उशीवरून उचलत नव्हती. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टर मॅडम खाटेपाशी थांबल्या आणि बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. त्यातले दोन शब्द माझ्या कानात अडकले. ऑर्गेनोफॉस्फेट पॉयझनिंग. पहिला कळला नाही. दुसरा कळला.

मग मॅडम माझ्यावर वाकल्या आणि मराठीत म्हणाल्या, “का पिलास बाबा औषध? पाच दिवस झाले, बायको दारात बसून आहे तुझी. तिचा तरी विचार करायचास.”

औषध म्हणजे पिकावर फवारायचं कीटकनाशक. इकडं एखाद्यानं ‘औषध पिलं’ असं म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना सगळं आधीच कळलेलं असतं. बायकोशी भांडला असेल, दारू असेल, डोक्यावर परिणाम झाला असेल.

मी औषध पिलो नव्हतो. मी आग विझवायला गेलो होतो. पण हे सांगायचं तोंड नळीनं भरलेलं होतं.

ज्यांच्या गावात फाल्गुन लागला की शेतांमधले धुरे पेटतात आणि ते विझवायला जे पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पळतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे. चुका होतील, त्या पोटात घाला. पण जे झालं ते मी झालं तसंच लिहिणार आहे.

माझं नाव रूपचंद. मूळ गाव भंडारा जिल्ह्यात, धानाच्या मुलखात. सात वर्षांपूर्वी सोयाबीन काढायच्या मशीनवर हेल्पर म्हणून परभणी जिल्ह्यात आलो. हंगाम संपला, मशीन परत गेलं, मी राहिलो. बोरीच्या पुढं एका गावात अण्णांच्या शेतावर सालगडी झालो. सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. दर पाडव्याला अण्णांनी मला ठेवून घेतलं. बायको सुनंदा आणि मुलगी अशी आम्ही तिघं त्यांच्या शेतातल्या घरात, म्हणजे आखाड्यावर राहायचो. गावाकडं जायला दीड दिवस लागतो, म्हणून दोन वर्षांतून एकदा जाणं व्हायचं.

गावात आग विझवणाऱ्यांची एक टोळी आहे. तिला काही नाव नाही. तीन-चार वर्षांमागं एका उन्हाळ्यात गोठे जळाले, बांधलेली जनावरं गेली, आणि तालुक्याहून बंब आला तेव्हा विझवायला काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून आठ-दहा जणांनी ठरवलं की बंबाची वाट बघायची नाही. धूर दिसला की मंदिराच्या भोंग्यावरून शिवाराचं नाव घ्यायचं आणि जो जिथं असेल तिथून निघायचं. कोणी ओली पोती घेतं, कोणी लिंबाच्या फांद्या, कोणी ट्रॅक्टरला नांगर लावून आगीच्या पुढची पट्टी उलटी करतं. आणि बाकीचे पाठीवर फवारणीचा पंप घेतात. पंधरा-सोळा लिटर पाणी, हातात नळी, पुढं धार. आगीच्या कडेला तो फार कामाचा. मी परगावचा, तरी टोळीच्या पहिल्या वर्षापासून त्यांच्यात होतो. खरं सांगायचं तर त्या गावात माझी ओळख तिथंच झाली. एरवी मी ‘अण्णांचा गडी’ होतो. आगीपुढं मात्र लोक मला रूपचंद म्हणायचे.

आता त्या दिवसाचं.

दोन शेतांमधल्या बांधाला इकडं धुरा म्हणतात. त्यावर पावसाळाभर गवत वाढतं आणि फाल्गुनात वाळून कडकडीत होतं. ते कापत बसण्यापेक्षा काडी लावायची, हे इकडचं रोजचंच काम. मला ते पहिल्यापासून खटकायचं. आमच्याकडं धानाच्या बांधांवर तूर लावतात. बांध जाळायचा असतो हे मी इथं येऊन बघितलं. पण खटकून काय करता. मीही अण्णांच्या सांगण्यावरून चार वर्षं धुरे जाळले आहेत, ते लपवत नाही. फक्त वारा बघून, सकाळच्या दवात, पाण्याची घागर शेजारी ठेवून.

त्या दिवशी काडी अण्णांनी लावली. दुपार कलली होती आणि वारा सुटला होता. मी विहिरीवर होतो. “मी हाय इथं उभा, तू तुझं काम कर,” असं अण्णा म्हणाले. मग त्यांना फोन आला. फोन लांबला आणि बोलत बोलत ते आखाड्याकडं चालत गेले. मी विहिरीवरून वळून बघितलं तेव्हा धुऱ्याची आग पलीकडं उतरली होती.

पलीकडं कौसाकाकूचा दोन एकर गहू होता, कापणीला आलेला. गव्हाच्या टोकाला कडब्याची गंजी आणि गंजीला लागून पत्र्याचा गोठा. गोठ्यात एक बैलजोडी आणि सात-आठ शेळ्या. काकू एकटी बाई. नवरा वारलेला, लेक सासरी. तिचं जे काही होतं ते त्या दोन एकरांत होतं.

मी आखाड्यावरचा पंप उचलला. आणि इथं माझी चूक झाली. ती कोणावर ढकलत नाही. आदल्या संध्याकाळी मी वांग्यांवर अळीचं औषध फवारलं होतं. अंधार पडला, वांग्यांच्या एक-दीड ओळी राहिल्या, पंपात निम्म्याच्या खाली मिश्रण उरलं. उद्या सकाळी संपवू म्हणून ते तसंच ठेवलं. सकाळी दुसरंच काम निघालं. तुम्हाला माहीत असेल, औषध कोणी ओतून देत नाही. जीव होत नाही. आणि पळायच्या वेळी पंप रिकामा करून, धुऊन, परत भरायला कोणाला सुचतं? मी विहिरीवर झाकण उघडलं, वरून पाणी भरलं आणि पळालो.

झाकणाचं रबर गेलेलं होतं. मी वाकायचो, पळायचो, उड्या मारायचो, तसं पंपातलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. त्या वेळी ते बरंच वाटलं. अंगाची लाही होत होती, पाठ गार पडत होती. नळीतली धार आगीवर पडली की तिची वाफ तोंडावर यायची. वास येत होता. कळत होता. पण समोर गंजी होती.

गहू वाचला नाही. गंजी वाचली, गोठा वाचला, एकही जनावर दगावलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं गंजीच्या अलीकडं पट्टी पाडली आणि आम्ही पाच जणांनी तिथं आग धरून ठेवली. मी तो पंप तीन वेळा भरला. पंप तोच.

सगळं विझल्यावर आम्ही लिंबाखाली बसलो. माझं डोकं दुखायला लागलं. डोळ्यांतून पाणी. सगळ्यांच्याच डोळ्यांत धूर गेला होता, त्यामुळं कोणी लक्ष दिलं नाही, मीसुद्धा. मग तोंडाला लाळ सुटली, थुंकून थुंकून संपेना. घाम असा की जणू आत्ताच विहिरीतून निघालोय. पोटात पिळा, उलटी. मांडीचं मांस आपोआप फडफडायला लागलं, जशी जनावराची कातडी माशी बसल्यावर फडफडते. कोणी लिंबाचं सरबत दिलं. कोणी म्हणालं, धूर लागलाय, पडून राहू द्या. मी त्याच ओल्या शर्टावर तास दीड तास पडून राहिलो. आता मला माहीत आहे की त्या वेळी एकच काम करायचं होतं. तो शर्ट काढून साबणानं अंग धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

शेवटी अण्णांनीच जीपमध्ये घातलं आणि परभणीला मोठ्या दवाखान्यात आणलं. तेव्हा थांबले असते तर मी राहिलो नसतो, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं आहे. अण्णांचे ते उपकार मी आजही मानतो. तिथं विचारलं, काय झालं? माझ्या तोंडाला फेस, अंगाला औषधाचा वास. अण्णा म्हणाले, औषध पोटात गेलंय. घाईत म्हणाले की विचार करून, ते मला ठाऊक नाही. पण कागदावर तेच चढलं.

असं पेशंट आलं की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. त्याला एमएलसी म्हणतात, म्हणजे पोलिसांच्या नोंदीतली केस. तीही झाली.

आता आजार काय होता ते सांगतो. मॅडमनी मला नंतर समजावलं, तसंच लिहितो. आपल्या नसा अंगाला निरोप पाठवतात. हात हलव, लाळ सोड, श्वास घे. निरोप पोचला की तो पुसायला अंगात एक पदार्थ असतो, त्याचं नाव कोलिनेस्टरेज. हे औषध त्या पुसणाऱ्यालाच धरून ठेवतं. मग एकही निरोप पुसला जात नाही. लाळ सुटली की सुटतच राहते, घाम चालूच राहतो, छातीत पाणी साठतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. रक्त तपासून हा पदार्थ किती उरलाय ते कळतं. माझा जवळजवळ उरलाच नव्हता.

आणि हे औषध अंगात जायला तोंडच लागतं असं नाही. कातडीतून जातं. घामानं भिजलेल्या, उन्हानं तापलेल्या कातडीतून तर जास्तच. हे मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मला ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा दिलं. ते अंगातली ओल सुकवतं. सगळीच सुकवतं. जीभ टाळूला चिकटली आणि डोकं फिरलं. वरचा पंखा मला गव्हावरून धावणाऱ्या आगीसारखा दिसायचा. मी सुया उपटायला लागलो म्हणून हात पट्टीनं बांधले. मी ‘पाणी मारा, पाणी मारा’ ओरडत होतो म्हणे.

तिसऱ्या दिवशी शुद्ध आली आणि सगळ्यांना वाटलं सुटलो. सुनंदाला आत सोडलं. तिनं विचारलं, “काय केलंत तुम्ही?” मला वाटलं ती आगीचं विचारतेय. मी हळूच म्हणालो, “झालं ते झालं.” तिनं तोंडावर पदर धरला. तिला काय सांगितलं गेलं होतं ते मला माहीत नव्हतं. माझ्या त्या एका वाक्यानं तिचे पुढचे दोन दिवस कसे गेले असतील, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

त्याच दुपारी मान उचलेना. मग खांदे. मग श्वास पुरेना. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधला टप्पा. पहिला जोर ओसरल्यावर, दोन-चार दिवसांनी, मानेचे आणि छातीचे स्नायू अचानक काम सोडतात. माणूस हसत-बोलत असतो आणि श्वास थांबतो. म्हणून घरच्यांनी ‘आता बराय, सुट्टी द्या’ असा हट्ट कधी करू नये. मला व्हेंटिलेटर लावलं.

आणि पाचव्या दिवशी मॅडमनी तो प्रश्न विचारला.

मी मान हलवू शकत नव्हतो. उजवा हात थोडा उठत होता. मी बोटांनी लिहायची खूण केली. सिस्टरनं हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला आणि पेन माझ्या बोटांत धरवलं. शाळा सुटल्यापासून सहीपलीकडं मी काही लिहिलं नव्हतं. पोराच्या अक्षरासारखं वाकडंतिकडं अक्षर आलं. पहिल्या ओळीत लिहिलं, पिलो नाही. दुसऱ्या ओळीत, आग पंप पाठ.

मॅडमनी पुठ्ठा फिरवून फिरवून वाचला. सिस्टरला म्हणाल्या, “याला कुशीवर घ्या.” मला कुशीवर वळवलं. मागं काय दिसलं ते मला दिसत नव्हतं. मॅडमनी शिकाऊ डॉक्टरांना जवळ बोलावलं. म्हणाल्या, “बघा नीट. पिणाऱ्याच्या पाठीवर पंपाचा पट्टा उठत नाही.”

माझ्या दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंत कातडी लाल होऊन सोलली होती. पट्ट्यांच्या जागी पट्टे आणि मधे टाकीएवढा चौकोन. पाच दिवस मी त्यावर उताणा झोपलेलो होतो.

मॅडमनी केस पेपरवर नवीन ओळ लिहिली आणि खाली सही केली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “माझं चुकलं. मी विचारायच्या आधीच ठरवलं होतं.” एवढ्या मोठ्या डॉक्टरनं माझ्यासारख्याला असं म्हणावं. मी नळीमुळं काही बोलू शकलो नाही, ते बरंच झालं. रडलो मात्र.

तो पुठ्ठा सिस्टरनं बाहेर नेऊन सुनंदाला दाखवला. ती शाळेत गेलेली नाही. तिनं शेजारच्या पेशंटच्या भावाकडून तो वाचून घेतला. दोनदा वाचून घेतला.

पण दवाखान्याचा कागद बदलला म्हणून बाहेरचं बोलणं बदलत नाही. भंडाऱ्याकडं आमच्या गावापर्यंत बातमी गेली होती की रूपचंदनं बायकोच्या जाचानं औषध पिलं. माझा मोठा भाऊ एवढ्या लांबून आला, दवाखान्यातच मुक्कामाला राहिला आणि सुनंदाशी एक शब्द बोलला नाही. तिनं आणलेला चहासुद्धा घेतला नाही. काचेतून हे मला दिसत होतं. माझं काय व्हायचं ते होवो, पण ही बाई आयुष्यभर नवऱ्याला औषध प्यायला लावणारी म्हणून जगणार होती. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी हेच निघणार होतं.

दहाव्या दिवशी नळी काढली. आवाज घोगरा, तुटका, पण आपला. बाराव्या दिवशी वॉर्डात आलो. तेराव्या दिवशी अण्णा आले. पपई आणली होती, स्वतः कापून दिली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग खुर्ची पुढं ओढली.

“रूपचंद, पाडवा आठ दिवसांवर आलाय. तुझं साल म्या कोणाला दिलं न्हाई. लय जण विचारायलेत, पर दिलं न्हाई.”

मी म्हणालो, “तुमची मेहरबानी.” मनापासून म्हणालो.

“हवालदार येईल जबाब घ्यायला. धुऱ्याचं काय बोलू नको. पंचनाम्यात वायरीची ठिणगी लिवली हाय, ती ऱ्हाऊ दे. पोटात कसं गेलं त्ये चुकून गेलं म्हण, न्हाईतर काय बी म्हण. लोकं चार दिवस बोलतेत, पुन्हा गप बसतेत.”

मी विचारलं, “आणि सुनंदाला बोलतेत ते?”

अण्णा म्हणाले, “बायांचं काय, विसरतेत.”

ते गेल्यावर मी छताकडं बघत पडलो. मी भित्रा माणूस आहे. परमुलखात राहणारा माणूस भित्राच होतो. साल गेलं तर आखाडा जाणार, आखाडा गेला तर तिघांचं डोकं टेकायची जागा जाणार. हातात पेला धरवत नव्हता, मला कोण कामाला ठेवणार होतं? आणि ज्यांनी जीपमध्ये घालून आणलं त्यांच्यावरच बोट दाखवायचं. 

संध्याकाळी कौसाकाकू आली. मुलीला घेऊन. इतके दिवस मुलगी तिच्याकडंच होती. काकूनं डब्यात भाकरी-पिठलं आणलं होतं, मला अजून पातळच चालू होतं, म्हणून तिनं ते सुनंदाला बळजबरी खाऊ घातलं. मग माझ्याकडं वळली.

“मेला असतास तर बरं झालं असतं,” ती म्हणाली, “म्या गंजीवर तुझं नाव टाकून ती तशीच ठिवली असती. आता जितायस तर बैलं खायलेत.”

मी हसलो, तेवढ्यानंही धाप लागली. तिला अण्णांचं सांगितलं. 

“वायरीची ठिणगी म्हणायलेत. माझ्या शेतावरून वायर जातच न्हाई रे. म्या तलाठ्याला बी सांगितलं. तो म्हणला, बाई, गाव म्हणतंय वायर.” मग म्हणाली, “तुला धाक कशाचा हाय? सालाचा? माझं दोन एकर हाय. मला व्हत न्हाई. बटईनं कर, निम्मं तुझं, निम्मं माझं. गोठ्याशेजारी खोली हाय, गळती हाय, पर हाय.”

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. वागायला चांगले होते. कामाचा ताण असावा. कागद लिहूनच आणला होता. म्हणाले, “सगळं लिवलेलं हाय. सही करतो का अंगठा?”

मी म्हणालो, “वाचतो.”

ते म्हणाले, “काय वाचतो, तुझीच हकीकत हाय.”

“मग वाचायला काय हरकत हाय साहेब? सातवी शिकलोय. एवढं वाचायला तेवढी पुरते.”

बोट ठेवून वाचलं. वेळ लागला. घरगुती कारणावरून रागाच्या भरात विषारी औषध प्राशन केले, असं होतं. मी कागद परत दिला. सही केली नाही. ते चिडले, म्हणाले, आता पुन्हा सगळं लिवायचं का? मी म्हणालो, हो. आवाज निघत नव्हता म्हणून हळू बोललो, पण प्रत्येक वाक्य दोनदा बोललो. धुरा अण्णांनी पेटवला. पेटवून सोडून गेले. वारा होता. गहू त्यानंच जळाला. पंपात आदल्या दिवशीचं औषध होतं, ते मी ठेवलेलं. झाकण गळत होतं, ते मला माहीत होतं. माझं आणि माझ्या बायकोचं भांडण नव्हतं. त्या दिवशी नव्हतं, आदल्या दिवशीही नव्हतं. हे शेवटचं मी मुद्दाम लिहायला लावलं. हवालदार म्हणाले, ह्याची गरज न्हाई. मी म्हणालो, मला आहे.

मॅडमनी पाठीचा फोटो आणि केस पेपर त्याला जोडून दिला. मग मी सही केली. ती सही मला आजही आवडते.

जबाबाचं गावात कळल्यावर टोळीतले दोघं आले. दोन आठवडे ते गप्प होते. गावात राहायचंय, ते मला समजतं. पण माझ्यासारख्या परक्यानं सांगितल्यावर त्यांना गप्प बसवेना. त्यांनीही जबाब दिले. पंचनामा बदलला. माझ्या भावानं जाताना सुनंदाच्या हातचा चहा मागून घेतला. कप स्वतः विसळून ठेवला.

पाडव्याला मी दवाखान्यातच होतो. साल गेलं. सुट्टी झाली ती काकूच्या गळक्या खोलीत.

बरं व्हायला पाऊस लागेपर्यंतचा काळ गेला. पायऱ्या चढताना मांड्या थरथरायच्या, शर्टाचं बटण लागायचं नाही. रात्री छातीवर कोणी बसल्यासारखं वाटून उठायचो. मॅडम म्हणाल्या होत्या, वेळ लागेल, पण येईल परत. आलं. पूर्ण नाही. अजून ओझं घेऊन पळालो की बोटांना मुंग्या येतात.

आता तुमच्यासाठी. पंपात औषध उरलं तर ते दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. औषध अंगावर सांडलं तर शरम न धरता तिथंच कपडे काढा, साबणानं धुवा. आगीवरून आल्यावर लाळ, घाम, अंगाची फडफड दिसली तर तो नुसता धूर नाही, लगेच दवाखाना गाठा. आणि डॉक्टरनं विचारलं तर बाटली नेऊन दाखवा. जोरात सांगा. लोक काय समजतील म्हणून गप्प बसू नका. मी गप्प होतो तेव्हा लोकांनी त्यांना हवं ते समजून घेतलंच.

आमच्या टोळीनं आता पाच पंप फक्त आगीसाठी ठेवलेत. ट्रॅक्टरला लावतात तो लाल रंग त्यांना लावलाय. ग्रामपंचायतीच्या भिंतीला चार टांगलेले असतात, एक माझ्याकडं. त्यांत औषधाचा थेंब पडलेला नाही. पडू देणार नाही.

मला जगवणाऱ्यांची नावं मी इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पुठ्ठा फाडून देणारी सिस्टर, चुकलं म्हणणाऱ्या मॅडम, मुलीला पोटच्या लेकीसारखं सांभाळणारी काकू. आणि जीपमध्ये घालणारे अण्णासुद्धा. मी त्यांच्याविरुद्ध जबाब दिला म्हणून त्यांनी मला आणलं हे खोटं होत नाही. आणि त्यांनी मला आणलं म्हणून धुरा कोणी पेटवला हेही खोटं होत नाही.

मृग निघाल्यावर मी अण्णांच्या आणि काकूच्या मधल्या त्याच धुऱ्यावर तूर टोबली. आमच्याकडं लावतात तशी, एका रांगेत. अण्णा पलीकडून आले.

“कोणाला इचारून लावायलास? निम्मा धुरा माझा हाय.”

मी उभा राहिलो. 

“कोणाला इचारून पेटवला होता, अण्णा?”

ते आल्या वाटेनं निघून गेले. माघात तूर काढली. निम्मी पोत्यात भरून त्यांच्या आखाड्याच्या दारात ठेवून आलो. पोतं परत आलं नाही.

परत फाल्गुन लागलाय. आज सकाळी अण्णा धुऱ्याकडं येताना दिसले, तेव्हा मी लाल पंप भरून पाठीवर घेतला आणि तुरीच्या खुंटांपाशी जाऊन उभा राहिलो. ते जवळ आले. हातात विळा होता. माझ्याकडं न बघता खाली बसून गवत कापायला लागले.

त्यांचं कापून होईपर्यंत मी पंप उतरवला नाही.